मदत हवी आहे: पार्किन्सन्समध्ये वळताना पाय अडकतात

वडिलांना पार्किन्सन्स आहे. सरळ चालणं ठीक, पण दाराशी वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. टाचा उचलतात, पाऊल काही पुढे पडत नाही. गोळीचा असर चांगला असतानाही हे होतं. डॉक्टरांना सांगितलंय, डोस तूर्त तोच आहे.

जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या, मेट्रोनोमही (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून पाहिला. सरळ चालताना दोन्हींचा खरंच छान उपयोग होतो, वळताना मात्र नाही. हात धरून ओढत नाही, त्याने ते जास्तच अडकतात आणि तोल जायची भीती. चक्कर नाही, उभं राहिल्यावर रक्तदाबही उतरत नाही.

फिजिओथेरपिस्टनी जागच्या जागी न फिरता मोठा अर्धगोल घेऊन वळायला सांगितलंय. बाथरूमसारख्या अरुंद जागेत तेवढी जागाच नसते. तिथे वळण्याचा सराव कुणी कसा करून घेतलाय?