पीसीआरई२ची ६४ केची मर्यादा: वाढवायची की पॅटर्नच बदलायचा?

बाणेर_बॅकएंड
पुण्याच्या पत्त्यांतून पेठ, रस्ता, सोसायटी ओळखायची तर सगळी नावं उभ्या रेघेने जोडून एकच रेजेक्स (मजकुरात नमुना शोधणारं सूत्र) करतात. यादी वाढली की पीएचपी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन इज टू लार्ज’ म्हणतं आणि पॅटर्न कंपाइलच होत नाही. कारण पीएचपीची रेजेक्स लायब्ररी पीसीआरई२ कंपाइल झालेल्या पॅटर्नमधल्या उड्यांची अंतरं डीफॉल्टने २ बाइटांत ठेवते, म्हणून पॅटर्न ६४ के बाइटांच्या पुढे जात नाही. रॅम महाग होती तेव्हा हे ठीक होतं. लायब्ररी बिल्ड करताना लिंक साइज (या अंतराचे बाइट) ३ किंवा ४ द्या, काम झालं.

नारायण_पेठी
काम झालं नाही, पुढे ढकललं. ८ बिटच्या लायब्ररीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, वर ऑपकोडचा (काय करायचं ते सांगणाऱ्या खुणेचा) १. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजायचे. ‘सदाशिव पेठ’: नऊ चिन्हांचे ३६, स्पेसचे २, पर्यायाचे ३, एकूण ४१. अशी साधारण १,६०० नावं झाली की ६५,५३५ संपले. आपल्याकडच्या सोसायट्या तिथे थांबणार आहेत का?

आणि कंपाइल झालं तरी चालणार कसं? जुळणी सुरू होऊ शकेल अशा पहिल्या बाइटांचा नकाशा करून लायब्ररी नको त्या जागा गाळते. देवनागरीत प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट एकच, सोळा-आधारी (हेक्स) ‘ई०’. म्हणजे गाळणी निकामी! प्रत्येक अक्षरापाशी हजारो पर्याय एकामागून एक तपासले जाणार.

बाणेर_बॅकएंड
मग ‘श्री’सारखे समान उपसर्ग बाहेर काढा. नावामागे १६ बाइट वाचतात, गटाचा खर्च एकदाच सुमारे ६. मोठ्या लिंक साइजची मंदता जिटमध्ये (पॅटर्नचा थेट मशीन कोड केला की) फक्त कंपाइलपुरती. आणि रस्ट भाषेची रेजेक्स लायब्ररी डीफॉल्टनेच १० एमबी देते, गूगलची आरई२ ८ एमबी. ६४ के हा कंजूषपणाच.

नारायण_पेठी
त्या दोन्ही लायब्रऱ्या अमर्याद बॅकट्रॅकिंग (जुळलं नाही की मागे जाऊन दुसरा पर्याय तपासणं) करत नाहीत, त्यांच्या एमबीशी तुलना कशाला? शिवाय डेबियन लिनक्सवर पीएचपी सिस्टिमची पीसीआरई२ वापरतं. स्वतःची बिल्ड केलीत की सुरक्षा अपडेटही तुमच्याच गळ्यात.

साधा मार्ग: पत्ता स्पेस आणि स्वल्पविरामावर तोडा. सलग तीन, मग दोन, मग एक शब्द घेऊन नावांच्या हॅशमध्ये (नाव दिलं की थेट नोंद देणाऱ्या तक्त्यात) शोधा. लांब आधी, नाहीतर ‘डेक्कन जिमखाना’तलं ‘डेक्कन’च हाती येईल. रेजेक्सच्या पर्यायांतही हाच क्रम लागतो, कारण पीसीआरई पहिला जुळलेला पर्याय घेते. शब्द रेजेक्सने उचलत असाल तर अक्षरांच्या वर्गासोबत मार्क वर्गही (मात्रा, हलन्त) घ्या, नाहीतर ‘कोथरूड’मधून फक्त ‘क’ मिळतो.

कात्रज_क्रॉन
दोघंही आकाराला धरून बसलात. प्रॉडक्शनमध्ये गळा धरते ती धावण्याची मर्यादा. पीएचपीत बॅकट्रॅक लिमिट १०,००,०००, लायब्ररीत मॅच लिमिट १,००,००,०००. ती ओलांडली की पीएचपीचं जुळणीचं फंक्शन प्रेग_मॅच शून्य (जुळलं नाही) नाही, फॉल्स (चूक झाली) देतं. नुसतं ‘नसेल तर’ लिहिणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात आणि चांगला पत्ता ‘सापडला नाही’ म्हणून पुढे जातो. फॉल्सशी तिहेरी बरोबरने (===) तुलना करा, मग प्रेग_लास्ट_एरर बघा. २ जुलै २०१९ला अनेक वेबसाइटींसमोर उभी असलेली क्लाउडफ्लेअर ही सेवा सुमारे २७ मिनिटं आडवी झाली, ते एका रेजेक्सच्या बॅकट्रॅकिंगने सीपीयू भरल्यामुळे. तो पॅटर्न आकाराने चिमुकला होता.

बाणेर_बॅकएंड
हे मान्य. पण पुनरावृत्तीचं काय? ‘एबी’चा गट एक ते हजार वेळा, पुढे ‘सी’, आणि ते सगळं एक ते तीन वेळा: ओळभर पॅटर्न, कंपाइल होऊन ५० केबीच्या वर. बाहेरचा आकडा चार केला की मर्यादा संपली. इथे हॅश काय करणार?

नारायण_पेठी
हॅश नाही, सबरूटीन. गट एकदाच लिहा, उरलेल्या आवृत्त्यांसाठी त्याच्या क्रमांकाने हाक मारा. तोच पॅटर्न २० केबीच्या आत बसतो. त्यासाठी लिंक साइजला हात लावायची गरज नाही.