फक्कीचे गोल कोणी मारले?

ए-१०३: माझ्या बेडरूमच्या खिडकीसमोर फक्कीचे तीन गोल कोणी मारलेत? भिंतीपासून जेमतेम चार पावलं. मला विचारायची पद्धत आहे की नाही?

सेक्रेटरी: नमस्कार ताई. झाडांच्या खड्ड्यांच्या खुणा आहेत त्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं, त्या बाजूला तीन गुलमोहर लावायचे. मिनिट्स ग्रुपवर टाकले होते.

ए-१०३: त्या मीटिंगला मी का नव्हते, तेही तुम्हाला माहीत आहे.

बी-४०१: पानं गाडीवर पडतात. सगळीकडे फरशी टाका आणि विषय संपवा.

ए-५०२: गुलमोहर माझी सूचना होती. फुलला की गॅलरीतून काय दिसेल! लहानपणी आमच्या दारात होता.

सी-२०२: गुलमोहर मलाही आवडतो हो. पण तो उंचीपेक्षा आडवा जास्त पसरतो. पूर्ण वाढला की छत्री सहज तीस-चाळीस फुटांची. मुळं वरवरची, लाकूड ठिसूळ. वादळात सगळ्यात आधी फांदी त्याचीच मोडते. मोकळ्या मैदानात शोभतो, भिंतीपासून चार पावलांवर नाही. झाड निवडताना पिशवीतलं रोप बघायचं नसतं, वीस वर्षांनंतरचं झाड डोळ्यांसमोर आणायचं असतं.

ए-५०२: म्हणजे आमचं चुकलंच म्हणायचं. बरं.

सी-२०२: तसं नाही काकू. झाड बरोबर आहे, जागा चुकली.

बी-३०४: काकू, गॅलरीत कुंडीत लावा, खालच्या मजल्यावरून आम्ही बघतो 😀

ए-१०१: 🌸 सुप्रभात. आजचा दिवस आनंदात जावो 🌸

बी-४०१: पानं गाडीवर पडतात याचं उत्तर कोणी देत नाही.

सी-३०३: टाकी आज धुणार आहेत का? पाणी भरून ठेवायचं का?

सेक्रेटरी: उद्या धुणार. कृपया झाडांचा विषय सुरू आहे.

बी-२०१: मला ड्रेनेजची काळजी आहे. मागे चोकअप झालं तेव्हा पाइपमधून मुळांचा झुपका निघाला होता. झाडं लाइनपासून लांबच हवीत.

सी-२०२: लांबच लावू. पण मूळ धडधाकट पाइप सहसा फोडत नाही. सांधा गळत असतो, तिथली माती ओली राहते, मूळ त्या ओलीच्या मागे जातं आणि फटीतून आत शिरतं. तो सांधा अजून तसाच आहे. आधी तो दुरुस्त करून घ्या.

सेक्रेटरी: प्लंबरला दोनदा फोन केलाय मॅडम. मी पण नोकरी करतो.

सी-२०२: तुमच्यावर रोख नव्हता.

ए-५०२: मग निदान दहा फुटी मोठी झाडं आणा. लगेच सावली होईल. मागच्या वर्षीची मरतुकडी रोपं बघवत नाहीत. बारातली तीन जगली.

बी-२०१: माळ्याने पाणीच घातलं नाही.

सी-२०२: माळीदादांना बोल लावण्याआधी हे ऐका. काल मी झोपाळ्याजवळचं वाळलेलं रोप हाताने ओढलं. एका झटक्यात वर आलं. बुडाला काळी पिशवी तशीच! आतली मुळं काथ्याच्या दोरीसारखी गोल गोल गुंडाळलेली, एकही बाहेर मातीत गेलेलं नाही. वर्षभर ते बिचारं पिशवीतच जगत होतं. पिशवी फाडून काढायची, गुंडाळलेली मुळं बोटांनी सोडवायची, फारच घट्ट असतील तर बाजूने उभ्या चिरा द्यायच्या, मगच लावायचं. आणि खोड मातीत पुरायचं नाही. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच, नाहीतर बुंधा कुजतो. मोठं झाड आणलं की त्याची बरीच मुळं तुटलेली असतात, सावरायला वर्षं जातात. छोटं, निरोगी रोप बऱ्याचदा त्याला गाठतं.

ए-१०३: मागचं वृक्षारोपण फोटोसाठी घाईत उरकलं होतं, म्हणून असं झालं.

सेक्रेटरी: फोटोत सगळेच होते ताई.

बी-४०१: हा मेसेज हटवला आहे

बी-३०४: काका, वाचला मी 😀

बी-४०१: पानांचाच होता.

सी-१०४: यादीत कण्हेर आहे, तीही घसरगुंडीशेजारी. मुलं फुलं-पानं तोंडात घालतात. कण्हेर सगळीच विषारी असते. माझा ठाम विरोध.

सी-२०२: अगदी बरोबर. तिथे जास्वंद लावू, दिवसभर ऊन आहे. इमारतीच्या सावलीत जास्वंद नुसती पानं धरते, फुलत नाही. तिकडे अबोली. १०३ च्या खिडकीसमोर पारिजातक, तोही भिंतीपासून आठ-दहा फूट सोडून. फार मोठा होत नाही, फांद्या छाटून आटोक्यात ठेवता येतात.

बी-२०१: पश्चिमेला बहावा ठरलाय ना? दुपारी आमच्या भिंती तापतात.

सी-२०२: बहाव्याची झुंबरं मला प्राणप्रिय आहेत, पण ऐन उन्हाळ्यात फुलतो तेव्हा अंगावर पानं जवळजवळ नसतात. सावली हवी तेव्हाच नाही मिळणार. पश्चिमेला बकुळ लावा. सावकाश वाढतो, धीर धरावा लागेल, पण बारा महिने हिरवा आणि दाट. बहावा गेटजवळ, मोकळ्या जागेत.

ए-५०२: बकुळीचा वास मला आवडतो. चालेल.

बी-२०१: वायरीला लागला की कोणीतरी शेंडा छाटणारच. सप्तपर्णीचं काय झालं, आठवतंय ना?

ए-५०२: ते मी सांगितलं नव्हतं. पुन्हा पुन्हा माझ्याकडे बोट नको.

सी-२०२: कोणी सांगितलं ते जाऊ दे. शेंडा मारला की त्या जागी दहा फुटवे येतात, वरवर चिकटलेले, आणि पुढे तेच मोडून पडतात. वायरीखाली मुळात उंच झाड लावूच नये.

बी-४०१: पानं गाडीवर पडतात.

सी-२०२: काका, तुमचा त्रास खरा आहे. गाड्यांवर येणारी फांदी नीट बुडापासून काढून घेऊ. पण ती पानं मला हवी आहेत. आळ्यात तीन-चार बोटं जाडीचा थर द्यायचा, खोडाला न चिकटवता. ओल टिकते, तण दबतं. आपण आजवर पोती भरून बाहेर टाकत होतो आणि मग पाणी पुरत नाही म्हणत होतो.

बी-४०१: पोती माझ्याकडे चार आहेत. स्वच्छ.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी सात. खड्डे नव्याने आखू. मॅडम, जागा तुम्ही दाखवा.

बी-३०४: पिशव्या कापायला कात्री मी आणतो.

ए-१०३: माझ्या खिडकीसमोरचे तिन्ही गोल मी झाडूने पुसलेत. कोणी परत मारू नये.