घोडी घ्यायचीय (वाळवा तालुका, सांगली). वैरण, नाल, डॉक्टर: सल्ला हवा

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. घरचा ऊस आहे, दावणीला चार म्हशी आहेत. लेक बारा वर्षांची. पाचगणीला टेबल लँडवर घोड्यावर बसून आली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. हौस मलाही आहेच, खोटं कशाला बोलू. शेजारच्या गावात एक काठेवाडी घोडी विकायची आहे. पांढरीशुभ्र, वरातीला जायची. मालक म्हणतो, चार वर्षांची आहे, एकदम गरीब, लेकरूसुद्धा धरंल. म्हशींचंच वाढं (उसाचे शेंडे) आणि सुग्रास (पोत्यातलं जनावरांचं खाद्य) तिला चालेल का? नाल मारणारा आमच्याकडं कुणी दिसत नाही. आजारी पडली तर न्यायची कुठं? जाणकारांनी सांगावं.

खरारा
दादा, म्हशीची दावण आणि घोड्याची दावण वेगळी, एवढं आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. म्हैस रवंथ करते, घोडा करत नाही. त्याचं पोट लहान. त्याला दिवसभर थोडं थोडं खायला लागतं, दोन वेळच्या भाऱ्यावर भागत नाही.

वाढं भरपूर आहे म्हणून त्याच्यावरच घोडी ठेवू नका. वाढ्यात आणि संकरित नेपियर गवतात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातला कॅल्शियम अडकवून टाकतं. वरून गव्हाचा कोंडा चारला की फॉस्फरस वाढतो आणि शरीर हाडांतला कॅल्शियम ओढायला लागतं. महिनोन् महिने असं चाललं तर घोडं लंगडतं, तोंडाची हाडं फुगतात. तोंडी लावायला दोन मुठी वाढं दिलं तर बिघडत नाही. मुख्य वैरण म्हणजे शाळूचा वाळलेला कडबा, कुट्टी करून, झटकून, वर पाण्याचा हबका मारून. बुरशीचा वास आला तर तो भारा सरळ उकिरड्यावर. हिरव्या ज्वारीत मात्र चरायला सोडू नका, त्यानं मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी थेंब थेंब गळायला लागते. जोडीला थोडा लसूणघास.

हिशोब सांगतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज ५ ते ७ किलो कोरडी वैरण, तीन-चार वेळा विभागून. भिजवलेला हरभरा किंवा जव कामाप्रमाणं. नुसती उभी राहणार असेल तर मूठ आखडती घ्या. खडेमीठ चाटायला, पाणी कायम समोर. दिवसाला पंचवीस-तीस लिटर सहज पिते, उन्हाळ्यात जास्त. वैरण बदलायची तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

पोत्यातलं जनावरांचं खाद्य देणार असाल तर त्यात मोनेन्सिन हे औषध घातलंय का, ते विचारा. कोंबडीखाद्यात ते बऱ्याचदा असतं. गाईला पचतं, कोंबडीला चालतं, घोड्याचं मात्र थोड्यानंही हृदय बंद पडतं. तुमच्या शेडमध्ये कोंबड्या असतील तर त्यांची पोती कुलपात ठेवा.

घाटावरची
वरचं सगळं बरोबर, पण घोडी कुठली घेताय यावर कुणी बोललंच नाही! दादा, वरातीची घोडी लेकीसाठी घेऊ नका. हलगी वाजली की पुढचे पाय उचलायचे, हे तिला शिकवलेलं असतं. गणपतीत तुमच्या गल्लीतनं ताशा निघाला आणि पोरगी पाठीवर असली तर ती घोडी काय करेल? तिचा दोष नाही, तिला तेच काम माहीत आहे.

त्यापेक्षा भीमथडी तट्टू बघा. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहून चालणारी ती जात. लहान, काटक, चारचौघांच्या गलक्याला न बुजणारी. आता ती स्वतंत्र जात म्हणून नोंदलीही गेली आहे. फलटण-माणकडं धनगर मंडळींना विचारा. दिवाळी पाडव्यापासून अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो, तिथंही मिळतील. देखणेपणात काठेवाडीची सर नाही, हे मान्य.

खरारा
ताईंचं पटलं. आणि वयाबद्दल मालकाच्या तोंडापेक्षा घोडीच्या तोंडावर विश्वास ठेवा. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास जोडी-जोडीनं बदलतात. चारची असेल तर कोपऱ्यातले दात अजून दुधाचे दिसले पाहिजेत. सगळे बदललेले असतील तर पाचच्या पुढची, मग किती पुढची ते दातांच्या झिजेवरनं. अंगावरचे भोवरे, खोड वगैरे शुभ-अशुभ बघणारे काका बरोबर येत असतील तर येऊ द्या, किंमत पाडायला उपयोगी पडतात.

शिरवळमार्गे
डॉक्टरांचं मी सांगतो. पैसे देण्याआधी सरकारी पशुवैद्यकांकडनं ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासायला पाठवा, नमुना हरियाणात हिसारला घोड्यांच्या संशोधन केंद्रात जातो. २००६ मध्ये पाचगणी-पुण्याकडंच हा रोग निघाला होता. माणसालाही होतो आणि घोड्यात त्याला उपचार नाही, म्हणून आळस नको. धनुर्वाताची लस घ्याच, घोड्याला तो पटकन धरतो. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं.

पोटशूळ ओळखायला शिका. घोडी वळून वळून कुशीकडं बघते, पुढच्या पायानं जमीन उकरते, लोळते, लीद बंद. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं पोटात फुगलेलं बाहेर पडायला वाट नाही. समोरची वैरण काढा, सावकाश फिरवत ठेवा, फोन लावा. शेजारचं कुणी बाटलीनं तेल पाजायला पुढं आलं तर हात धरा. तेल फुफ्फुसात गेलं की दुसरंच दुखणं. मोठं काही असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्याकडनं लांब पडतं खरं, म्हणून घोडी चढवता येईल अशा टेम्पोवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

घाटावरची
नालबंद: महाबळेश्वर-पाचगणीला घोडेवाल्यांकडं चौकशी करा, त्यांचे ठरलेले नालबंद असतात. दोन-चार घोडी एका गावात जमली तर तिकडं यायलाही तयार होतात. शेतातच फिरवणार असाल तर नाल न मारता दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून चालतं. डांबरीवर नेणार असाल तर नाल हवी. तुमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात खुरात चिखल बसतो, तळव्याच्या मधला मऊ भाग काळा पडतो आणि घाण वास मारतो. रोज संध्याकाळी खूर उचलून कोरणीनं साफ करा. तबेल्याला मुरूम टाकून उंचवटा करा.

कृष्णाकाठचा
आभार सगळ्यांचे. वरातीचं ध्यानातच आलं नव्हतं. तट्टूच बघतो. एक विचारतो, आज त्या घोडीला चालवून बघितलं तर मालकानं वाळूतच फिरवली. चालताना मान जरा वरखाली होत होती. ही तिची ढबच म्हणायची का?

खरारा
ढब नाही हो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते, चांगला पाय टेकला की खाली येते. वाळूत ते झाकलं जातं. तट्टू बघायला जाल तेव्हा कडक जमिनीवर, लगाम सैल सोडून दुडक्या चालीनं पळवायला सांगा, दोन्ही बाजूंनी कावा द्यायला (गोल फिरवायला) लावा. मालक का-कू करायला लागला तर इसार खिशातच राहू द्या.