दुसरी आयत, दुसरी लोकल : परवाच्या पोस्टीला उत्तर

कौसेकर : परवा इथल्या पोस्टीत वाचलं की मुस्लीम बायकांचा स्त्री-अभ्यास म्हणजे अमेरिकेत बसून केलेली धर्माची वकिली, मुंब्र्यातल्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नाही. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. मोरोक्कोची अभ्यासक फातिमा मर्निसी पीएचडीला अमेरिकेत गेली खरी, पण शिकवलं मोरोक्कोतच, रबातमध्ये. ‘बाईच्या हाती कारभार देणाऱ्यांचं भलं होत नाही’ ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं वचन, कायम आमच्या तोंडावर मारतात. सांगणाऱ्याला ती नेमकी कधी आठवली? मर्निसीने शोधून काढलं : पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा ‘उंटाची लढाई’ हरल्यावर! हे वाचताना मी मुंब्रा स्टेशनात उभी होते, दोन स्लो लोकल सोडल्या.

आणि उपयोग म्हणाल, तर माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, निकाहनाम्यात ‘शर्ती’ असा रकाना छापलाय. काझीसाहेबांनी त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारलीय. हा रकाना आपला असतो, हे सांगायला कोणी शिकलेली बाईच लागते.

जुना_ठाणेकर : ती पोस्ट माझीच, शब्द मागे घेत नाही. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लीम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कायदा मागितला, हदीस चाळत नाही बसले. तुम्ही कुराणातली एक आयत काढा, मौलवी दुसरी काढणार. बसा वाचत जन्मभर. बाकी तुमचं मराठी मात्र फारच छान!

कौसेकर : ‘मराठी छान’? अहो, माझी आजी श्रीवर्धनची, जात्यावर ओव्या म्हणायची. उर्दू मी शाळेत शिकले, तीही कशीबशी. घोडबंदर रोडला भाड्याने घर बघत होते तेव्हा एजंटही फोनवर हेच म्हणाला. मग आडनाव ऐकलं आणि त्याला सोसायटीचा नियम आठवला. कोणाला केव्हा काय आठवतं बघा.

नेरूळची_काकू : घराचं म्हणाल तर मासे खातो म्हणून आम्हालाही नाकारलंय, वाशीत. बोंबलाचा वास लिफ्टमध्ये येतो म्हणे. सगळ्यांनाच त्रास आहे हो.

कौसेकर : काकू, बोंबील एक दिवस नाही तळले तर चालतं. आडनावाचं काय करू?

पारसिक_पलीकडे : आम्हा एकट्या मुलींना तर कोणीच देत नाही. दहानंतर कोण आलं-गेलं ते वॉचमन वहीत लिहितो, वेळेसकट.

जुना_ठाणेकर : धागा घरांचा आहे का? कौतुक केलं तर त्याचीही फिर्याद!

कौसेकर : कौतुक ठेवा तुमच्यापाशी. २२ ऑगस्ट २०१७, तिहेरी तलाक रद्द करणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल, ३ विरुद्ध २ न्यायमूर्ती. तिघांतल्या दोघांनी संविधानाचा आधार घेतला. तिसरे कुरियन जोसेफ. त्यांनी कुराणच उघडलं : जे तिथे बसत नाही ते शरियतमध्ये कसं बसेल? ते मत नसतं तर पारडं फिरलं असतं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका तर २००७ पासून कुराण आणि संविधान, दोन्ही घेऊन भांडतायत.

जुना_ठाणेकर : बरं, एका न्यायमूर्तींपुरतं मान्य. दलवाई चुकले असं म्हणाला नाहीत, याची नोंद घेतो.

कौसेकर : म्हणणारही नाही. त्या सातजणी आमच्याच.

नेरूळची_काकू : खालाला शर्त कुठली घालायची होती गं?

कौसेकर : लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडणार नाही, एवढीच. अकरा वर्षं रोज भांडून टिकवली तिने.

जुना_ठाणेकर : म्हणजे रकान्यावाचून काही अडलं नाहीच!

कौसेकर : हे तिच्या तोंडावर येऊन बोला. रविवारी घरीच असते.