मदत हवी आहे: भावाचं एनर्जी ड्रिंक कसं सोडवू?

धाकटा भाऊ सोळा वर्षांचा, वजन ५० किलोच्या आसपास. परीक्षेसाठी रात्री जागायचं म्हणून एनर्जी ड्रिंक सुरू झालं. आता रोज दोन मोठे कॅन, दुसरा रात्री दहाला. झोप पहाटे लागते, दिवसभर चिडचिड. परवा छातीत धडधडतंय म्हणाला, हातही थरथरत होते. तेव्हापासून मला चैन नाही.

कॅनवरची बारीक अक्षरं वाचली. १०० मिलीत ३२ मिग्रॅ कॅफिन, म्हणजे ५०० मिलीच्या एका कॅनमध्ये १६०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी दिलेली मर्यादा दिवसाला किलोमागे ३ मिग्रॅ आहे. त्याच्या वजनाला ती १५० होते. पहिला कॅन संपतानाच तो तिच्या पुढे गेलेला असतो! शिवाय १०० मिलीत ११ ग्रॅम साखर, म्हणजे दोन कॅनमध्ये ११० ग्रॅम.

तो म्हणतो, "कॉफी चालते, मग हे का नाही? बिनसाखरेचं घेतो." आईबाबांनाही ते साधं थंड पेयच वाटतं.

एकदम बंद करावं की हळूहळू? डॉक्टरांना काय काय सांगावं? आणि त्याला पटवू कसं? ओरडून काही होणार नाही. मुलगा मनापासून अभ्यास करतो, त्याचा अपमान झालेला मला नको आहे.

प्रतिसाद:

ताई, धडधड झाली आहे तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका, आणि तोवर कॅन पूर्ण बंद. एरवी हळूहळू कमी करा म्हटलं असतं. एकदम बंद केल्याने डोकं दुखेल, सुस्ती येईल. हा त्रास साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो आणि बहुतेकांचा आठवड्याभरात ओसरतो. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर मात्र तडक तातडीच्या विभागात न्या.

डॉक्टरांना किती आणि किती वाजता पितो ते सांगा. चालू असलेली औषधंही सांगा. घराण्यात कुणाला हृदयविकार असेल किंवा कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते न विसरता सांगा.

बिनसाखरेच्या कॅनमध्येही कॅफिन असतंच. ग्वाराना (एका वेलीच्या बिया) लिहिलेलं असेल तर त्या बियांमध्येही कॅफिनच असतं. कॉफीसुद्धा त्याच १५० मध्ये मोजायची.

पटवायचं तर अभ्यासावरूनच पटवा. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवतं, त्यामुळे थकवा जाणवत नाही. पण तो गेलेला नसतो. घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. दहाला १६० घेतलं, तर पहाटे तीनला ८० अजून अंगात. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच झोप तो घालवतोय. हे गणित त्यालाच कागदावर मांडू द्या.