पोर्क आणि भाज्यांचे हलके रॅप: खिमा कोरडा न होता, पान न गळता कसे करायचे?

रानफूल:
रात्रीच्या जेवणाला पोर्क खिमा आणि भरपूर भाज्या घालून रॅप करायचेत, खाऊन जड वाटायला नको असे. मैद्याचं काही नकोय, म्हणून लेट्यूस नाहीतर कोबीच्या पानात गुंडाळायचं डोक्यात आहे. चरबी कमी असलेला खिमा कोरडा पडू नये म्हणून काय करायचं? आणि भाज्यांना पाणी सुटून पान खालून गळतं, त्यावर काही उपाय? भाज्या म्हणजे कोबी, गाजर, मशरूम, सिमला मिरची. आम्ही चौघं आहोत, प्रमाण पण सांगा प्लीज.

कढईवाली:
चौघांना ४०० ग्रॅम खिमा पुरे, भाज्या मात्र मिळून ६०० ग्रॅम तरी घ्या, हलकेपणा तिथूनच येतो. खिम्याला १ चमचा सोया सॉस, १ चमचा कॉर्नफ्लोअर आणि २ चमचे पाणी चोळून १५ मिनिटं ठेवा, ते पाणी खिमा पिऊन घेतो आणि कॉर्नफ्लोअरमुळे रस आत राहतो, मग तेल कमी असलं तरी चालतं. कढई कडक तापू द्या, चमचाभर तेल टाका, खिमा पसरा आणि लगेच ढवळू नका!! खालून तांबूस झाला की मगच मोडायचा. सारखं ढवळलं किंवा कढई गच्च भरली की खिमा स्वतःच्याच पाण्यात शिजतो, करडा दिसतो आणि चव अजिबात उतरत नाही, त्यामुळे अर्धा-अर्धा करून दोनदा परतलात तर उत्तम. पूर्ण शिजला की काढून ठेवा आणि त्याच कढईत आधी मशरूम, मीठ न घालता, पाणी सुटून आटेपर्यंत, मग आलं-लसूण, गाजर, सिमला मिरची, आणि कोबी अगदी शेवटी मिनिटभर. खिमा परत घाला, थोडं व्हिनेगर, मिरपूड, पातीचा कांदा. मीठ चव बघूनच, सोया सॉस खारट असतो.

पानोपानी:
वरची पद्धत मस्त आहे, मी फक्त पानांचं सांगते. लेट्यूस थंड पाण्यात १० मिनिटं ठेवलं की कुरकुरीत होतं पण नंतर प्रत्येक पान फडक्याने नीट टिपून घ्या, गळण्याचं अर्धं कारण ते ओलं पानच असतं. कोबीचं पान घेणार असाल तर मधली जाड शीर सुरीने तासायची, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात, म्हणजे वळताना चिरत नाही. सारण जरा कोमट होऊ द्या आणि आधीपासून भरून ठेवू नका, ताटात ज्याने त्याने गुंडाळायचं. कोरियात भाजलेलं पोर्क असंच पानात गुंडाळून खातात, त्याला स्साम म्हणतात, फक्त तिथे बरेचदा चरबीवालं पोटाकडचं मांस असतं.

सुरीधार:
माझं मत वेगळं, खिम्यापेक्षा टेंडरलॉइन (पाठीच्या कण्याखालचा मऊ, लांबट तुकडा) घ्या. त्यात चरबी कमी असते आणि खाताना मांस खाल्ल्यासारखं वाटतं. तुकडा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवला की घट्ट होतो, मग मांसाच्या रेषांना आडवं पातळ कापायचं, कॉर्नफ्लोअर-सोया सॉस तसंच लावायचं आणि मोठ्या आचेवर २-३ मिनिटं परतायचं, त्यावर गेलं की चिवट. खिमाच करणार असाल तर आतून गुलाबी ठेवू नका, थर्मामीटर असेल तर ७१ अंश सेल्सिअस बघा. अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि ३ मिनिटं विसावा चालतो, पण खिम्यात मांसाच्या वरच्या बाजूचे जंतू आत मिसळलेले असतात म्हणून तिथे सूट नाही.

रानफूल:
खूप छान सांगितलंत सगळ्यांनी! यावेळी खिमाच करते, टेंडरलॉइन पुढच्या वेळी नक्की. सारण उरलं तर दुसऱ्या दिवशी डब्यात चालेल का?

कढईवाली:
चालेल की. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, ३ दिवसांत संपवा, आणि पानं वेगळ्या डब्यात कोरड्या टिश्यूत गुंडाळून न्या. गरम करताना कढईतच करा, चांगली वाफ येईपर्यंत.