सहा महिन्यांनंतरही प्रयत्न सोडू नका

पक्षाघातात मेंदूला इजा होऊन गेलेली नजर सहा महिन्यांत परतली नाही तर ती कायमची गेली, असं म्हणतात; ते मला पटत नाही. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या क्रिस्टल हक्सलिन यांच्या गटानं जुन्या रुग्णांकडूनही, न दिसणाऱ्या भागात सरकणाऱ्या ठिपक्यांची दिशा ओळखण्याचा सराव करून घेतला. त्या भागाच्या कडेला थोडी दृष्टी परतली, पण त्याला महिने लागतात. २०१९च्या एका अभ्यासात सरावासोबत डोक्याच्या मागच्या बाजूला सौम्य, अनियमित वीजप्रवाह दिला, तर १० दिवसांतच फरक दिसला. रुग्ण मोजकेच होते, हेही खरं.

आमच्या आबांना पक्षाघातानंतर दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं दिसेनासं झालं, आणि आम्ही दोनदा चष्मा बदलत बसलो! दोष मेंदूत होता. पेपरात 'कोल्हापूर'मधलं नुसतं 'पूर' दिसायचं, ओळीची सुरुवातच सापडायची नाही. मग पुतणीनं डाव्या समासावर लाल पट्टी चिकटवली. पट्टी दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची, मगच वाचायचं. यानं नजर परतत नाही, पण आबांचा पेपर परत सुरू झाला. कोल्हापूरच्या बिंदू चौकात मात्र मी अजूनही त्यांच्या डाव्या हातालाच चालतो.